जैनीबाईंनी दुभाष्याची जागा सोडली

अध्यक्ष महोदय, बारमधले माझे भाऊ-बहिणी, कोर्टातली कर्मचारी मंडळी आणि भामरागडच्या पलीकडून इतक्या लांब आलेले जैनीबाईंचे गावकरी,

आधी मागे उभे आहेत त्यांना जागा द्या. वकील मंडळींनो, जरा सरकून बसा. गावची माणसं उभी अन् काळे कोट बसलेले, हे जैनीबाईंना कधी खपलं नाही. आजही खपणार नाही.

सारा जन्म माझा उभं राहून बोलण्यात गेला. तरी आज घरून निघताना बायको म्हणाली, "शुद्ध मराठीत बोला, मोठे साहेब येणार आहेत." प्रयत्न करतो. जमलं नाई तर सांभाळून घ्या. माझा बाप शिंपी होता, या भागातल्या साऱ्या गिऱ्हाइकांशी त्यांच्या बोलीत बोलायचा, अन् तीच बोली माझ्या तोंडात बसली आहे.

मागच्या आठवड्यात नागपूरच्या दवाखान्यात जैनीबाई वड्डे गेल्या. ॲडव्होकेट जैनीबाई वड्डे. ॲडव्होकेट हा शब्द मी मुद्दाम परत म्हणतो. हा शब्द तिनं कमावला होता, अन् कसा कमावला ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि हो, मी तिला 'ती' म्हणणार. माझी ज्युनिअर होती. कोर्टात अहो-जाहो केलं, तेवढं पुरे.

दुःख तर आहेच. पण खोटं कशाला बोलू? आज माझ्या छातीत दुःखापेक्षा अभिमान जास्त आहे. तो लपवायला मी इथं आलो नाही.

नवीन वकिलांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. जैनीबाई माडिया आदिवासी. गाव असं, की पावसाळ्यात नदी चढली की तिकडचा माणूस तिकडं अन् इकडचा इकडं. आश्रमशाळेत शिकली. गावातच अंगणवाडीत लागली. ती करता करता बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाली. आपल्या कोर्टात ती पहिल्यांदा आली ती दुभाषी म्हणून. साक्षीदाराला माडियाशिवाय दुसरी बोली येत नव्हती. कोणीतरी म्हणालं, त्या अंगणवाडीच्या बाईला बोलवा.

जमिनीचा दावा होता. साक्षीदार माझ्याच बाजूचा. मी विचारत होतो, बांध कुठी आहे, नाला कुठी आहे, मोहाचं झाड कुठी आहे. माझा प्रश्न ती माडियात सांगायची, त्याचं उत्तर मराठीत सांगायची. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. मी खूश. काम आटोपलं, व्हरांड्यात चहा पिऊन राह्यलो होतो, तर ही समोर येऊन उभी.

म्हणाली, "वकीलभाऊ, त्या झाडाचे मोहफुलं कोण वेचते, हे काऊन नाई विचारलं?"

मी म्हटलं, "काऊन विचारू? जमिनीचा दावा आहे, मोहफुलांचा नाई."

"आमच्याकडं ज्याच्या घरचे फुलं वेचते, झाड त्याचं. झाड त्याचं तर बांधबी त्याचाच. तो बुढा वाट पाहून राह्यला होता, तुमी कवा विचारता म्हणून."

"मग तू काऊन नाई बोलली?"

"मी कशी बोलू? मी दुभाषी होती नं."

मित्रहो, मला राग आला. चहा तसाच ठेवला. कोण ही बाई, मले वकिली शिकवते? पण मी रागीट असलो तरी मूर्ख नाही. दुपारी जज्ज साहेबांना विनंती केली, साक्षीदाराला परत उभं केलं, अन् तो एक प्रश्न विचारला. दावा तिथंच फिरला.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर तिला गाठलं. म्हटलं, "बाई, तुमी वकिली शिका." ती हसायला लागली. "माह्या वयाची बाई कुठी शिकते का, भाऊ?" मी म्हटलं, "प्रश्न तुम्हाला पडतात. विचारायची परवानगी नाही, एवढंच. ती परवानगी सनदेनं मिळते." एसटी आली, ती चढली. मला वाटलं, गेली ही गोष्ट. पुढच्या उन्हाळ्यात ती माझ्या ऑफिसच्या दारात उभी. "भाऊ, चंद्रपूरले नाव टाकलं."

लॉ कॉलेजची वर्षं तिनं चंद्रपुरात एका खोलीत काढली. वर्गातल्या पोट्टे-पोट्ट्यांपेक्षा किती मोठी होती! ते तिला मॅडम समजून उभे राहायचे. हे तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं. सुटीत माझ्याकडं यायची, फाइली वाचायची, कोर्टात दुभाष्याचं कामही चालूच होतं. माझ्या ऑफिसची एक पद्धत आहे. नव्या ज्युनिअरला मी कलमं विचारत नाही, ती पुस्तकात असतातच. संध्याकाळी एकच विचारतो, आज साक्षीदार कुठी अडखळला? माणूस अडखळतो तिथं काहीतरी दडलेलं असते. पहिल्या दिवशी जैनीबाईला काही सांगता येईना. म्हणाली, "भाऊ, मी शब्द ऐकून राह्यली होती. माणसाकडं पाह्यलंच नाई." दुभाष्याचं कामच तसं. कान शब्दाला चिकटलेला. ती सवय मोडायला तिला एक पूर्ण पावसाळा लागला.

मग एल.एल.बी. झाली. बार कौन्सिलकडं नाव नोंदवलं. कोट शिवायला मी तिला माझ्या मोठ्या भावाकडं नेलं. आमच्या दुकानात माझ्या साऱ्या ज्युनिअर लोकांचा पहिला कोट शिवला जातो, हा आमच्या घरचा शिरस्ता. भाऊजान माप घेता घेता म्हणाले, "बेटी, लेडीज कोटाले खिसे नाई ठेवत मी, फिटिंग बिघडते." ही म्हणाली, "मग पेन कुठी ठेवू? सरकारी वकिलाच्या खिशात?" दोन्हीकडं खिसे शिवून घेतले. माझा भाऊ आज हयात असता तर या सभेत पहिल्या रांगेत बसला असता.

आता एक गंमत सांगतो. शोकसभेत हसू नये म्हणतात. पण ही गोष्ट ती स्वतः हसून सांगायची, तर आपण काऊन तोंड पाडून ऐकायचं?

तिचा पहिला जामीन अर्ज. बांबू तोडल्याची केस. मी मागं बसलो होतो. जैनीबाई उठली, साहेबांकडं पाहिलं, अन् खणखणीत आवाजात सुरू झाली, "साहेब, मी बांबू तोडला नाही. मी जंगलात गेली होती, पण कंद खोदायला गेली होती."  पुढं ही म्हणते, "माझ्या हातात कुऱ्हाड होती, पण ती धार नसलेली होती." सरकारी वकील हळूच उठले अन् म्हणाले, "बाई, आता तुमालेच आरोपी करावं लागते." सारं कोर्ट हसलं. साहेबसुद्धा हसले.

वकील मंडळींनो, समजून घ्या काय झालं होतं. दुभाषी स्वतःचं बोलतच नाही. साक्षीदार म्हणतो 'मी गेलो', तर दुभाषीही 'मी गेलो' म्हणतो. इतकी वर्षं ती दुसऱ्यांचा 'मी' होऊन बोलली होती. वकील म्हणून उभी राहिली तेव्हाही आरोपीच होऊन बोलली. मी तिला म्हटलं, आता महिनाभर 'माझे अशील' शिवाय बोलायचं नाही. तिनं ते मनावर घेतलं. घरी मांजराला म्हणायची, "माझ्या अशिलाला भूक लागली आहे."

हीच सवय तिला परीक्षेत नडली. नोंदणी झाली तरी बारची परीक्षा पास झाल्याशिवाय वकिली पक्की होत नाही, तुम्हाला माहीत आहे. पुस्तकं उघडून लिहायची परीक्षा. मला खात्री होती. निकाल लागला, नापास. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "भाऊ, टाइमच नाई पुरला." "असा कसा नाई पुरला?" तेव्हा कळलं. ही बाई एकेक प्रश्न मनात माडियात करायची, उत्तर माडियात शोधायची, मग मराठीत आणायची. अर्धा पेपर कोराच राहिला. मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, "अवो बाई, तो प्रश्न तुमालेच विचारला आहे! दुसऱ्या कोणाले सांगायचा नाई आहे!" ती परीक्षेला पुन्हा बसली. पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा मी पेढा खाल्ला नाही, आधी निकाल चष्मा लावून वाचला. मग दोन खाल्ले.

पण मंडळी, खरं अडलं होतं ते वेगळंच. सनद आली तरी कोर्ट तिला वकील समजेना. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. दुभाषी सापडत नसे अन् ही समोरच बसलेली. कोणाचीही केस असो, 'जैनीबाई, जरा सांगता का, काय म्हणते तो?' ही उठायची. आपल्या फाइली ठेवायची अन् साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ जाऊन उभी राहायची. दिवस तिथंच जायचा. मी किती वेळा म्हटलं, "हे बंद कर. तू वकील आहेस." ती म्हणायची, "मग माह्या लोकाईचं कोण सांगन?"  मला भीती वाटत होती, की ही जन्मभर काळा कोट घालून दुभाषीच राहील.

मग मंगरूची केस आली. मंगरू तिच्याच गावाकडचा पोरगा. तेंदूपत्ता गोळा करून वाळवतात त्या फळीला आग लागली, वाळायला ठेवलेला पत्ता जळून गेला, अन् आग यानंच लावली असा आरोप. जामीन झाला नव्हता, चंद्रपूरच्या जेलमध्ये होता. त्याची आई पायी, मग ट्रॅक्टरवर, मग एसटीनं, अशी प्रत्येक तारखेला यायची. वकीलपत्र एकट्या जैनीबाईचं. माझं नाव मी मुद्दाम टाकू दिलं नव्हतं.

सगळा खटला एका म्हातारीच्या साक्षीवर उभा होता. ती फळीजवळ राहायची. तिनं मंगरूला आगीपाशी पाहिलं होतं. साक्षीचा दिवस आला. म्हातारी आदल्या दिवशीच लेकीकडं येऊन थांबली होती, मंगरूची आईही पोचली होती, पण दुभाषी म्हणून बोलावलेले शाळेचे मास्तर आले नाहीत. पूल पाण्याखाली. साहेब भले माणूस. त्यांनी पाहिलं, पोरगा जेलमध्ये, आई दारात, म्हातारी पिंजऱ्यात. म्हणाले, "वड्डे बाई, तुम्हीच सांगा ना काय म्हणतात त्या. आज साक्ष उरकून टाकू. तुमच्याच आरोपीच्या फायद्याचं आहे."

सरकारी वकिलांचीही हरकत नव्हती. सारे तिच्याकडं पाहून राह्यले. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी छताच्या पंख्याकडं पाहिलं. सांगितलं तर पोरगा कदाचित लवकर सुटेल. पण आरोपीच्या वकिलाच्या तोंडून साक्षीदार बोलला, तर त्या साक्षीला काय वजन राहील? अन् एकदा दुभाषी झाली की उलटतपासणी कोण घेणार? स्वतःच विचारायचं, स्वतःच उत्तर सांगायचं, असं होते का कुठी?

जैनीबाई उभी राहिली. शब्द मोजून होते. म्हणाली, "साहेब, मी आज दुभाषी नाही. मी आरोपीची वकील आहे. माझ्या अशिलाच्या वतीनं, साक्षीदारासाठी दुसरा दुभाषी द्यावा, अशी माझी विनंती आहे."

पुढची तारीख पडली. मंगरू परत जेलमध्ये गेला. त्याची आई व्हरांड्यात जैनीबाईसमोर उभी राहिली अन् बराच वेळ काहीतरी बोलली. मला एक शब्द समजला नाही. जैनीबाईनं मान खाली घालून सारं ऐकलं. नंतर मी विचारलं, काय म्हणाली? म्हणाली, "तू आमची होती, काळा कोट घातला अन् त्याईची झाली, असं म्हणाली." त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. गावातही बोभाटा झाला, शिकली अन् आपली बोली विसरली म्हणून. ती पुढच्या तारखेची वाट पाहत राहिली. मीही पाहत राहिलो. माझ्या स्वतःच्या कोणत्याच केसला मी एवढा घाबरलो नव्हतो.

पुढच्या तारखेला मास्तर आले. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीला आगीजवळ पाहिलं का? पाहिलं. हातात काय होतं? फांदी. बसले ते. त्यांचं काम झालं होतं, फांदी पेटवून आग लावली असं त्यांचं म्हणणं.

जैनीबाई उठली. समोर तिच्या रानातली म्हातारी, लहानपणापासून ओळखणारी. अन् ही तिला मराठीत प्रश्न विचारते. मास्तर तो माडियात सांगतात. म्हातारी चक्रावली. मास्तरांना काहीतरी म्हणाली. मास्तर प्रामाणिक माणूस, त्यांनी ते पण मराठीत सांगितलं, "साक्षीदार म्हणते, ही पोट्टी आपल्या बोलीत काऊन नाई बोलत?"

जैनीबाई हसली नाही. तिनं विचारलं, "फांदी वाळलेली होती की ओली?"

"ओली. पानं होती तिले."

"ओली फांदी घेऊन माणूस आगीजवळ काय करायला जातो?"

आता म्हातारी भडकली. हात नाचवून बोलायला लागली. मास्तर जसंच्या तसं सांगत गेले, "हे मले विचारते? डोंगराले आग लागली तवा तुह्या बापानं कशी मारली? तू तर तिथीच होती! ओल्या फांदीनं मारून आग विझवतात. लहान लेकराले माहीत आहे, अन् तुले माहीत नाई? मंगरू आग मारून राह्यला होता. बाकीचे पळून गेले."

साहेबांनी चष्मा काढला. टायपिस्टला म्हणाले, "हे सगळं घ्या. बापाचंही घ्या."

भावांनो, बहिणींनो, जैनीबाईला ते उत्तर माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पण तिला माहीत असून मंगरूचा काय फायदा? साक्षीदाराच्या तोंडून कोर्टासमोर यायला हवं होतं, अन् त्यासाठी कोणीतरी विचारायला हवं होतं. दुभाष्याला विचारता येत नाही. वकिलाला येते. त्या एका प्रश्नासाठी तिनं आपल्या माणसांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

मंगरू सुटला. त्याची आई आली, जैनीबाईच्या कोटाची बाही धरून नुसती उभी राहिली. मी जैनीबाईला चहाला नेलं. विचारलं, त्या दिवशी साहेबांना नाई म्हणाली, तवा भीती नाई वाटली? म्हणाली, "वाटली नं. पण भाऊ, आजवर मी साऱ्याईचं बोलली. त्या दिवशी पयल्यांदा माह्या तोंडानं मी बोलली." मी तिच्यासमोर रडलो नाही. सीनिअर होतो. घरी जाऊन रडलो.

त्यानंतर या कोर्टात तिला कोणी दुभाषी म्हणून बोलावलं नाही. दुभाषी शोधावे लागले, अन् शोधले की सापडलेही. एटापल्लीकडचे दोन मास्तर, एक नर्सबाई. दुभाषी आला नसेल तर जैनीबाई साक्ष सुरू होऊ द्यायची नाही. दुभाष्यानं लांब उत्तर दोन शब्दांत गुंडाळलं, तर लगेच उभी राहायची, "साहेब, साक्षीदार एवढंच बोलला नाही." मी पण तिच्या विरोधात उभा राहिलो आहे, बरं का. हरलोही आहे. हरल्यावर घरी येऊन बायकोला सांगितलं, आज माझी ज्युनिअर माझ्यावर भारी पडली. बायको म्हणाली, मग मिठाई का नाई आणली?

तिच्या हाताखाली शिकलेल्या दोन मुली इथं बसल्या आहेत. दोघींना सनद आहे. दोघींना ती संध्याकाळी तेच विचारायची म्हणे, जे मी तिला विचारायचो. याच्यापेक्षा जास्त मला आयुष्यात काही नको.

आता शेवटचं सांगतो अन् बसतो.

जैनीबाईची थोरली बहीण, चिन्नीबाई, गावाहून आल्या आहेत. त्या इथं पुढं बसल्या आहेत. त्यांना दोन शब्द बोलायचे आहेत. त्यांना माडियाच येते. मघाशी अध्यक्षांनी मला विचारलं, दुभाषी कोण? जैनीबाईच्या दोघी ज्युनिअर लगेच उठल्या. मी त्यांना बसवलं. पोरींनो, रागावू नका. ही साक्ष नाही. हे कोणाला टाइप करायचं नाही. एक बहीण आपल्या बहिणीला काही सांगणार आहे, अन् ते तिच्यासाठी आहे. आपल्याला शब्द समजले नाहीत तरी चालेल.

म्हणून माझी विनंती आहे. मोबाइल बंद करा. सगळे उभे राहा. घड्याळ पाहू नका. त्या जोवर बोलतील तोवर आपल्यापैकी कोणी एक शब्द काढायचा नाही. त्या थांबतील तेव्हा आपली श्रद्धांजली पूर्ण झाली असं समजू.

ॲडव्होकेट जैनीबाई वड्डे, तुमच्या सीनिअरचा तुम्हाला जोहार.

चिन्नीबाई, बोला.